टिंडल शास्त्रज्ञ होता की नुसता वक्ता? त्याच्या समकालीनांची साक्ष कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकीकडे जॉन टिंडलला हरितगृह परिणामाचा आद्य संशोधक म्हणतात, दुसरीकडे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्याच्यावर विडंबनं लिहिली आणि मॅक्सवेलचा मित्र, स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ टेट याने त्याला जाहीरपणे खाली पाडलं. मग त्याच्या काळातल्या जाणकारांचं त्याच्याबद्दल खरं मत काय होतं?

मला वाटतं यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. टिंडल किती मोठा होता हा एक, आणि त्याच्याबद्दल बोलणारे कोणत्या भांडणात कोणत्या बाजूला उभे होते हा दुसरा. दुसरा सोडवल्याशिवाय पहिल्याला हात घालू नये. मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर एकोणिसाव्या शतकातली नियतकालिकं, चरित्रं, पत्रं वाचण्याचा नाद लागला. त्यातून एक सवय जडली आहे. कुणी कुणाबद्दल काही म्हटलं की आधी साल बघायचं, मग ते कुठे छापलं ते बघायचं, आणि त्या वर्षी दोघांमध्ये काय धुमसत होतं ते शोधायचं. टिंडलच्या बाबतीत ही सवय फार उपयोगी पडते, कारण या माणसाने भांडण टाळल्याचं उदाहरण शोधावं लागतं.

पार्श्वभूमी लवकर उरकतो. जन्म १८२०, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यात. घरची बेताची परिस्थिती. आधी सरकारी भूमापन खात्यात नोकरी. तिथे कामाच्या अटींविरुद्ध आवाज उठवला म्हणून काढून टाकलं. मग रेल्वेच्या मोजणीची कामं, मग हॅम्पशरमधल्या क्वीनवुड कॉलेजात शिक्षक. १८४८ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, साठवलेल्या पैशांवर जर्मनीत मारबुर्गला गेला, रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनच्या हाताखाली शिकला, १८५० मध्ये डॉक्टरेट घेतली. १८५२ मध्ये रॉयल सोसायटीचा (ब्रिटनमधली शास्त्रज्ञांची सर्वांत मानाची संस्था) फेलो आणि १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक. केंब्रिजचं शिक्षण नाही, घराणं नाही, आणि भौतिकशास्त्र शिकला ते जर्मन प्रयोगशाळेत. पुढे त्याला जे टोमणे ऐकावे लागले, त्यांतल्या बऱ्याच टोमण्यांचं मूळ इथे आहे.

पहिल्या दशकात त्याच्याबद्दलचं मत कसं होतं? एकदम चांगलं. फॅरेडे त्याचा सहकारी आणि वडीलधारा मित्र. प्रतिचुंबकत्वावरच्या (काही पदार्थ चुंबकापासून दूर ढकलले जातात, तो गुण) कामासाठी १८५३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला रॉयल मेडल जाहीर केलं. त्याच वर्षीचं दुसरं रॉयल मेडल डार्विनला मिळालं होतं. पण निवडीवर काही सदस्यांनी आक्षेप घेतल्याचं कळताच टिंडलने पदक नाकारलं. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतोय. त्याला मान हवा होता, पण शंकेची सावली पडलेला मान त्याच्या घशाखाली उतरत नसे. हा स्वभाव शेवटपर्यंत टिकला आणि त्याने त्याला मित्र दिले तितकेच शत्रूही.

आता त्याच्या मुख्य कामाकडे येतो, कारण ‘नुसता वक्ता’ हे वर्णन इथे कोसळतं. १८५९ च्या मे महिन्यात त्याने वायूंमधून जाणारी उष्णता किती शोषली जाते हे मोजण्यात यश मिळवलं. एक लांब नळी, तिच्या दोन्ही तोंडांना सैंधव मिठाच्या स्फटिकाच्या चकत्या (काच उष्णता अडवते, हे मीठ अडवत नाही), एका बाजूला उकळत्या पाण्याचा डबा, दुसरीकडे तापविद्युत पुंज (उष्णता पडली की वीज निर्माण करणारं उपकरण) आणि ती वीज काट्याने दाखवणारा गॅल्व्हनोमीटर. खरी युक्ती पुढे आहे. वायूने शोषलेली उष्णता इतकी थोडी की मूळ उष्णतेच्या झोतात ती हरवून जाते. म्हणून त्याने पुंजाच्या मागच्या बाजूला दुसरा उष्ण डबा ठेवून दोन्ही बाजू तंतोतंत तोलल्या. काटा शून्यावर. मग नळीत वायू सोडायचा; काटा जेवढा ढळेल तेवढं त्या वायूचं शोषण. मी ही मांडणी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवायचो तेव्हा वर्गातला एखादा तरी म्हणायचा, ‘सर, हा तर तराजू झाला.’ अगदी बरोबर. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन जवळजवळ काहीच शोषत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, एथिलीन भरपूर शोषतात. हवामानात पूर्वी जे बदल झाले त्यांच्याशी याचा संबंध असू शकतो, हेही त्याने १८६१ मध्ये रॉयल सोसायटीच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात सांगितलं. (सूर्याच्या उन्हात अशा वायूंचं तापणं अमेरिकेत युनिस फूट हिने १८५६ मध्येच दाखवलं होतं. पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता वेगळी काढून मोजणं, हे टिंडलचं.)

समकालीनांनी या कामाची दखल घेतली. रॉयल सोसायटीचं १८६४ चं रम्फर्ड मेडल त्याला याच संशोधनासाठी मिळालं. पण त्यांनी त्यात जे पाहिलं ते आपण पाहतो ते नव्हे. त्यांच्या लेखी हे रेणूंचं भौतिकशास्त्र होतं: रेणूची बांधणी गुंतागुंतीची झाली की उष्णतेशी त्याचं वागणं कसं बदलतं, असा प्रश्न. हवामान हा त्यातला एक परिच्छेद. कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त झाला तर पृथ्वीचं तापमान किती बदलेल, ही स्वीडनच्या अऱ्हेनियसची आकडेमोड आली १८९६ मध्ये, टिंडल गेल्यावर तीन वर्षांनी. त्यामुळे ‘हवामानशास्त्राचा आद्य पुरुष’ हा निवाडा आपला आहे. तो त्याच्या काळाच्या तोंडी घालू नका.

या कामावरही वाद झाला. बर्लिनचा भौतिकशास्त्रज्ञ माग्नुस याचं म्हणणं होतं की पाण्याची वाफ एवढी शोषतच नाही, टिंडलच्या मिठाच्या चकत्यांवर दव साचत असणार. गंमत म्हणजे टिंडलने १८५१ मध्ये याच माग्नुसच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. दोघे वर्षानुवर्षं भांडले, प्रयोगाला प्रयोगाने उत्तर देत राहिले, आणि मैत्री शाबूत राहिली. म्हणजे टिंडलला सभ्यपणे भांडता येत होतं. मग इंग्लंड-स्कॉटलंडमध्येच काय बिघडलं?

बिघडायला सुरुवात झाली हिमनद्यांवरून. १८५६ मध्ये तो जीवशास्त्रज्ञ मित्र हक्सलेबरोबर आल्प्समध्ये गेला आणि हिमनदी कशी वाहते या प्रश्नात शिरला. हा प्रांत एडिनबरोचा भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स याचा. हिमनदी घट्ट काकवीसारखी वाहते असं फोर्ब्सचं म्हणणं. बर्फ तुटतो आणि दाबाखाली पुन्हा सांधतो असं टिंडलचं. एवढ्यावर राहिलं असतं तर निभावलं असतं. पण १८६० च्या पुस्तकात टिंडलने असा सूर लावला की फोर्ब्सने आपल्या आधीच्या रांदू या सॅव्हॉयमधल्या धर्मगुरूला पुरेसं श्रेय दिलं नाही. हा प्रामाणिकपणावरच घाव. फोर्ब्सने उत्तर दिलं, १८६८ मध्ये तो वारला, आणि त्याचं भांडण त्याच्या चाहत्यांना वारशाने मिळालं. त्या चाहत्यांत होता पीटर गथ्री टेट.

दुसरी ठिणगी ६ जून १८६२ ची. रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात टिंडलने उष्णता आणि कार्याच्या समतुल्यतेचं (ठरावीक कामातून ठरावीकच उष्णता मिळते, या शोधाचं) श्रेय युलियस मायर या जर्मन डॉक्टरकडे वळवलं. त्याच शोधाचा इंग्रज मानकरी जूल, त्याला नाकारलं नाही, पण मायरचं नाव गाजवलं. टेट आणि विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) खवळले. त्यांनी उत्तर कुठे छापलं? ‘गुड वर्ड्‌स’मध्ये. घराघरांत वाचलं जाणारं, धार्मिक वळणाचं लोकप्रिय मासिक! हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे ज्यांनी ‘टिंडल लोकांसाठी लिहितो’ असं नाक मुरडलं, त्यांनीच भांडण बाजारात नेलं होतं. शेवटी रॉयल सोसायटीने जूलला १८७० मध्ये आणि मायरला १८७१ मध्ये आपलं सर्वोच्च पदक, कॉप्ली मेडल, दिलं. म्हणजे मुद्दा म्हणून पाहिलं तर टिंडल फार चुकला नव्हता.

आता टेटचं ते प्रसिद्ध वाक्य. १८७३ मध्ये फोर्ब्सचं चरित्र निघालं, टेट त्याच्या लेखकांपैकी एक. टिंडलने पुस्तिका काढून उत्तर दिलं आणि ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाच्या पानांवर दोघे जुंपले. तिथे टेटने लिहिलं की लोकप्रियतेच्या क्षेत्रात रास्त नाव कमावताना डॉ. टिंडलनी आपल्या शास्त्रीय अधिकाराचा बळी दिला. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाहीत हे माणसाला उशिरा कळतं. (भाषांतर माझं आणि सैल आहे.) हे वाक्य आज कुठेही संदर्भाशिवाय उद्धृत होतं, जणू सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांनी बसून दिलेला निकाल. ते होतं मेलेल्या मित्राच्या बाजूने भर भांडणात मारलेलं वाक्य. ‘रास्त’ हा शब्दही सोडू नका. टेट त्याची वक्तृत्वाची बाजू मान्य करूनच वार करतोय.

मॅक्सवेलची गोष्ट निराळी, आणि मला ती जास्त आवडते. मॅक्सवेलच्या विडंबनांत विष कमी, मिस्कीलपणा जास्त. टिंडलवरच्या ‘ओड’मध्ये (स्तुतिगीताच्या थाटातल्या कवितेत) तो टिंडलच्याच तोंडून बोलतो: मी फुटलेल्या बर्फाच्या प्रदेशातून आलोय, तिथल्या जखमा दाबल्याने भरतात. मग येते ती गाण्याला प्रतिसाद देणारी ज्योत. टिंडल व्याख्यानात खरोखरच अशी ज्योत दाखवायचा; आवाज केला की ती दबायची, नाचायची. म्हणजे कविता लिहिणाऱ्याने ती व्याख्यानं मन लावून पाहिली-वाचली होती. टेटला उद्देशून लिहिलेली ही कविता म्हणजे दोन मित्रांनी तिसऱ्याची केलेली नक्कल आहे. गणेशोत्सवात सरांची नक्कल करणारा विद्यार्थी सरांना कमी लेखत असतोच असं नाही.

१८७४ ची कविता मात्र गंभीर आहे. १९ ऑगस्ट १८७४ रोजी बेलफास्टला ब्रिटिश असोसिएशनचा (दरवर्षी वेगळ्या गावी भरणारं विज्ञानसंमेलन) अध्यक्ष म्हणून टिंडल बोलला. डेमॉक्रिटसपासून डार्विनपर्यंत अणुवादाचा इतिहास सांगितला आणि विश्वरचनेच्या सिद्धांताचं सगळं क्षेत्र आम्ही धर्मशास्त्राच्या हातून हिसकावून घेऊ, असं जाहीर केलं. बेलफास्टच्या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकांनी त्याच्याविरुद्ध व्याख्यानमाला घेतली, आयरिश कॅथलिक बिशपांनी पत्रक काढलं, आणि लंडनच्या एका व्यापाऱ्याने तर ईश्वरनिंदेचा खटला भरता येईल का अशी गृहमंत्र्यांकडे विचारणा केली. हे सगळं उद्धृत होतं. कमी सांगितलं जातं ते हे: मॅक्सवेलने आदल्याच वर्षी ब्रॅडफर्डला रेणूंवर बोलताना सुचवलं होतं की सगळे रेणू एका साच्यातून काढलेल्या मालासारखे एकसारखे आहेत, म्हणजे त्यांना घडवणारा कुणीतरी असला पाहिजे. बेलफास्टच्या भाषणात टिंडलने नाव घेऊन यालाच चिमटा काढला: अणूवरून थेट निर्मात्याकडे उडी! मॅक्सवेलचं पद्य त्याचं उत्तर होतं. आणि टेटने बॅल्फर स्टुअर्टबरोबर १८७५ मध्ये अख्खं पुस्तकच काढलं, अदृश्य विश्व आणि अमरत्वावर.

म्हणून माझं मत असं झालंय की टिंडल लोकांना विज्ञान सांगतो ही या मंडळींची तक्रार नव्हती. थॉमसन, टेट, मॅक्सवेल सगळेच सांगत होते. टिंडल जे विज्ञान सांगत होता त्यात ऊर्जा होती, रेणू होते, पण निर्मात्याला खुर्ची नव्हती. आणि ते विज्ञान तो त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगत होता. दोन्ही एकत्र आलं की दुखणारच.

तरी त्यांच्या टीकेत एक खरा मुद्दा आहे आणि तो झाकून ठेवणं बरोबर नाही. टिंडलचं गणित तोकडं होतं. डॉक्टरेट गणितातली असूनही. १८६० नंतर ब्रिटिश भौतिकशास्त्र ज्या दिशेने गेलं ती समीकरणांची दिशा होती, आणि टिंडल चित्रांत विचार करणारा माणूस. आकाशाच्या निळ्या रंगाचं उदाहरण घ्या. १८६९ मध्ये त्याने काचेच्या नळीत बारीक कणांचा ढग तयार करून त्यातून प्रकाशझोत सोडला आणि निळा रंग प्रत्यक्ष दाखवला, त्याचं ध्रुवीकरणही (प्रकाशलहरींचं एकाच प्रतलात डोलणं) दाखवलं. पण निळाच का, किती, कोणत्या नियमाने, हे सांगितलं इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ रेलीने, १८७१ मध्ये, गणिताने. आपल्याकडे अकरावीच्या रसायनशास्त्रात कलिल (दुधासारखी, बारीक कण तरंगत असलेली मिश्रणं) शिकताना टिंडलचं नाव येतं ते या प्रकाशझोतामुळे. मी वर्गात पाण्याच्या ग्लासात दुधाचा थेंब टाकून लेझरचा झोत सोडायचो. मुलं खूश व्हायची, पण समीकरण विचारलं की रेलीकडेच जावं लागायचं.

आणि हाच रेली १८८७ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टिंडलच्या जागी आला. टिंडलच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये त्याच सभागृहात त्याने टिंडलच्या शास्त्रीय कामावर व्याख्यान दिलं. मला एकच साक्षीदार निवडायला सांगितलात तर मी याला निवडेन: गणिती, धर्माने श्रद्धावान, जुन्या भांडणांत नसलेला, आणि त्या प्रयोगांच्या वस्तू रोज हाताळणारा.

जंतूंचा भाग थोडक्यात. १८७० पासून टिंडल हवेतली धूळ आणि रोग यांचा संबंध सांगू लागला, आणि सजीव आपोआप निर्माण होतात असं म्हणणाऱ्या डॉ. बॅस्टियनशी त्याची लढत झाली. डॉक्टरांपैकी कितीतरी जणांना हा बाहेरचा माणूस आपल्या घरात शिरल्यासारखं वाटलं. मध्येच त्याचे स्वतःचेच प्रयोग फसले. प्रयोगशाळेत आणलेल्या वाळक्या गवतातले चिवट जंतू उकळूनही मरेनात. तो उपकरणं घेऊन क्यूच्या उद्यानातल्या प्रयोगशाळेत गेला, आणि त्यातून १८७७ मध्ये थांबून थांबून पुन्हा पुन्हा उकळण्याची पद्धत निघाली, जिला आजही सूक्ष्मजीवशास्त्रात त्याचं नाव आहे. भौतिकशास्त्रज्ञ त्याला वक्ता म्हणत असताना जीवशास्त्रात त्याची पद्धत कामाला लागली होती.

इंग्लंडबाहेर पाहिलं तर चित्रच बदलतं. त्याच्या पुस्तकांच्या जर्मन आवृत्त्यांवर देखरेख कुणाची? जर्मनीतला आघाडीचा भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याची. लाइपझिगचा खगोलशास्त्रज्ञ झ्योल्नर याने टिंडलवर हल्ला केला तेव्हा १८७४ मध्ये त्याच्या बाजूने प्रस्तावना लिहिली तीही हेल्महोल्ट्झने, आणि लोकांना विज्ञान सांगणं हे शास्त्रज्ञाचं काम आहे असंच त्याने मांडलं. फ्रेंच भाषांतर केलं मुआन्यो नावाच्या एका कॅथलिक पाद्र्याने! आयर्लंडचे बिशप पुढे ज्याच्यावर पत्रक काढणार होते, त्याचं उष्णतेवरचं पुस्तक हा गृहस्थ फ्रान्सला वाचायला देत होता. १८७२-७३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत पस्तीस व्याख्यानं झाली. तिकडे जाण्याआधी रुग्णालयात प्रार्थनेचा गुण तपासून पाहावा या प्रस्तावाला त्याने हवा दिली होती, त्यामुळे काही चर्चमधून त्याच्यासाठीच प्रार्थना झाल्या. सभागृहं मात्र भरली. खर्च वजा जाता उरलेले सुमारे तेरा हजार डॉलर त्याने अमेरिकन विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षणासाठी तिथेच ठेवले. पैशासाठी बोलणारा माणूस असं करत नाही, हे त्याच्या विरोधकांनाही दिसत असणार.

मित्रांची साक्षही गाळून घ्या. हक्सले, हूकर, स्पेन्सर, फ्रँकलंड, हर्स्ट हे त्याचे एक्स क्लबमधले सोबती. १८६४ पासून दर महिन्याला एकत्र जेवणारी नऊ माणसं. हक्सले आणि स्पेन्सरने १८९४ मध्ये लिहिलेल्या आठवणी जिव्हाळ्याच्या आहेत, पण त्या मित्रांच्या आहेत. तरी हा गट म्हणजे एकमुखी टोळी नव्हती. जमैकातला उठाव क्रूरपणे चिरडणाऱ्या गव्हर्नर आयरच्या प्रकरणात हक्सले आयरवर खटला भरा म्हणणाऱ्यांत होता आणि टिंडल, लेखक कार्लाइलच्या सोबतीने, आयरच्या बचावाला उभा होता. मला या ठिकाणी टिंडलचा राग येतो. तुम्हालाही येईल. त्याच्या मुक्तविचारीपणाची ती हद्द होती.

राहता राहिला तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग: मग टिंगलच जास्त का कानावर पडते? याचं कारण कागदपत्रांत आहे. मॅक्सवेलचं चरित्र १८८२ मध्ये निघालं आणि त्यात त्याच्या कविता छापल्या गेल्या. केल्व्हिनचं मोठं चरित्र १९१० चं, टेटचं १९११ चं. टिंडल मात्र डिसेंबर १८९३ मध्ये, पत्नी लुइझाच्या हातून औषधांची अदलाबदल होऊन, क्लोरल या झोपेच्या औषधाच्या जादा मात्रेने गेला. त्या बाईने उरलेलं आयुष्य त्याचे कागद गोळा करण्यात, नकला करण्यात घालवलं. चरित्र आपल्याच हातून व्हावं आणि परिपूर्ण व्हावं या हट्टापायी ते झालंच नाही. ती १९४० मध्ये वारली, चरित्र १९४५ मध्ये निघालं. बावन्न वर्षं एकाच बाजूची चरित्रं बोलत होती.

गेल्या काही वर्षांत त्याचा पत्रव्यवहार खंडाखंडाने छापून येतोय. वेळ असेल तर फोर्ब्सचं चरित्र आणि टिंडलची पुस्तिका यांच्या आधी १८५९ ते १८६२ ची पत्रं वाचा, म्हणजे भांडणं टोकाला जाण्याआधी हीच माणसं एकमेकांना कोणत्या सुरात लिहीत होती ते दिसेल. ते वाचून तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं झालं तर कळवा, कोणत्या पत्रामुळे झालं तेही लिहा.